एक जूनची तुकडी

जळकोट
६ जानेवारी २०२५

चि. विशाखास,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन न करता पोस्टाचं तिकीट चिकटवलं त्याला कारण आहे. माझ्याकडचा मोबाइल न्यासानं दिलेला आहे, केंद्राच्या कामासाठी. त्यावर बोललेलं कुठं कुठं पोचतं याचा मला भरवसा उरलेला नाही. तूही कागदावरच उत्तर लिही आणि पाकिटाची कड नीट चिकटव.

निवृत्तीनंतर मी इथं नेत्रसेवा न्यासाचं केंद्र बघतो हे तुला ठाऊक आहेच. पन्नाशीच्या पुढच्या माणसांची नावं लिहून घ्यायची, कार्ड द्यायचं आणि मोतीबिंदू निघाला की लातूरला न्यासाच्या दवाखान्यात पाठवायचं. ऑपरेशन फुकट. तीन हजार शंभर माणसं मी स्वतः नोंदवली, दारोदार जाऊन.

आता गोष्ट ऐक. आपल्या गल्लीतली कोंडाबाई तुला आठवत असेल, लहानपणी तुला बोरं द्यायची. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्यातला तर पार पिकलाय. तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की महिन्याच्या आत हा डोळा झाला नाही तर आत दाब वाढेल आणि डोळा कायमचा जाईल, मग कुणी काही करू शकणार नाही. ती बाई दोनदा एसटीनं लातूरला गेली आणि दोनदा हात हलवत परत आली. काउंटरवरचा प्रीतम नाव विचारतो, जन्मतारीख विचारतो, मशीनमध्ये घालतो आणि सांगतो, "नोंद आढळली नाही." कोंडाबाई मला म्हणाली, "गुरुजी, मशीन म्हनतंय म्या न्हाईच. आन म्या तर तितंच हुबी हाय."

हा प्रीतम माझा विद्यार्थी. सातवीत त्याला कॉपी करताना धरून मी वर्गाबाहेर उभा केला होता. तो राग आता काढतोय की काय, असं मनात येतं. त्याआधी दुसरंच मनात आलं होतं, की आपल्याच लोकांची कार्डं का उघडत नाहीत? हा संशय अनुभवानं आलेला आहे, त्याची मला लाज वाटत नाही. पण मग पलीकडचे महादेवप्पाही तसेच परत आले. ते लिंगायत, गावात वजनदार. म्हणजे अडवणूक साऱ्या जळकोटची आहे. लातूर शहरातल्या माणसाचं कार्ड मात्र चुटकीसरशी उघडतं, हे मी स्वतः तिथं उभं राहून पाहिलं.

दिवाळीपर्यंत सगळ्यांची कार्डं उघडत होती. हळू, पण उघडत होती. त्यानंतर कुठंतरी पाणी मुरायला लागलं. त्या मशीनमधलं सॉफ्टवेअर तुझ्या कंपनीचं आहे. आत डोकावून बघ आणि कोण खोडी करतंय ते मला कळव. दिवस थोडे आहेत.

तुझा
आनंदराज मामा

*

नांदेड
१२ जानेवारी २०२५

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. कागदावर लिहायला सांगितलंत ते बरंच झालं. माझ्या फोनवर ऑफिसचं ॲप आहे आणि हा विषय मला त्याच्या आसपासही नको आहे. तुम्ही माझे सख्खे मामा आहात हे इथं कुणाला माहीत नाही, माझे साहेब रुद्रेश सर यांनाही नाही. सध्या ते तसंच राहू द्या.

सॉफ्टवेअर मी पाहिलं. त्यात बिघाड नाही. कुणी जळकोटला अडवलेलं नाही. तशी सोयच त्यात नाही.

पण मामा, मला तुम्हाला काही विचारायचं आहे. न्यासानं आमच्याकडे जळकोटच्या नोंदींची तपासणी मागितली आहे, आणि ते काम माझ्याकडे आलं. प्रीतमनं वर कळवलं की जळकोटची निम्म्याहून जास्त कार्डं मशीनमध्ये सापडत नाहीत, म्हणजे ती खोटी असणार. मी यादी काढली. तीन हजार शंभरांपैकी दोन हजार दोनशे माणसांची जन्मतारीख एक जून आहे. जुन्या लोकांच्या तारखा अशा असतात हे मला कळतं. आईची एक जूनच आहे, तुमचीही. पण बाकीच्या तालुक्यांत हे प्रमाण शंभरात चाळीसच्या आसपास आहे, तुमच्याकडे एकाहत्तर. रुद्रेश सर यादी बघून म्हणाले, "एका बैठकीत बसून लिहिलेली नावं आहेत ही. असे आकडे खऱ्या माणसांचे नसतात."

कुणी तुम्हाला तयार यादी आणून दिली होती का? आकडा वाढवा म्हणून कुणाचा दबाव होता का? तुम्ही नाकासमोर चालणारे आहात हे मी जाणते, म्हणूनच कुणी तुमचा फायदा घेतला असेल अशी भीती वाटते. मामा, खरं सांगा.

कोंडाबाईंना दुसऱ्या दवाखान्यात न्या. नांदेडला माझ्याकडे आणलंत तरी चालेल, मी रजा काढीन. यातलं काही होईपर्यंत थांबू नका.

आपली
विशाखा

*

जळकोट
१८ जानेवारी २०२५

चि. विशाखास,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चष्मा पुसला, वाटलं अक्षर दुसऱ्या कुणाचं असेल. "मामा, खरं सांगा." छत्तीस वर्षं मी हे वाक्य पोरांना म्हणत आलो. मला कुणी म्हटल्याचं आठवत नाही.

तर खरं ऐक. १९७७ साली मी शाळेत लागलो. जूनमध्ये शाळा उघडायची, आया पोरांचा हात धरून यायच्या. जन्म कधीचा विचारलं तर सांगायच्या, "गुरुजी, हिरीला पानी लागलं त्या सालचा." दाखल-खारीज रजिस्टरात तर तारखेचा रकाना. पोर पहिलीत घ्यायचं तर सहा वर्षं पुरी दिसली पाहिजेत. मग मागं मोजून सहा वर्षांपूर्वीचा एक जून लिहायचा. माझ्या आधीच्या गुरुजींनी तेच केलं, शेजारच्या गावच्या गुरुजींनीही तेच. सगळ्या तालुक्याची पिढीच्या पिढी आम्ही एका दिवसात जन्माला घातली. तुझ्या साहेबाला म्हणावं, ती नावं एका बैठकीत लिहिलेली नाहीत. आधीच्या गुरुजींचे आणि माझे मिळून कितीतरी जून लागले.

मला कुणी यादी दिली नाही, मी कुणाचा मिंधा नाही. तू मात्र सुतावरून स्वर्ग गाठलास.

आता बातमी. पंधरा तारखेला न्यासाचं पत्र आलं. जळकोटची सगळी एक जूनची कार्डं 'बोगस नोंदणीच्या संशयावरून' थांबवली आहेत. दहा फेब्रुवारीला लातूरला सुनावणी. तोवर केंद्राला कुलूप. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. गावात कुजबुज सुरू झाली आहे. काल पारावर मी बसलो तर दोघं उठून गेले. त्यांतल्या एकाला बे एके बे मी शिकवलंय.

कोंडाबाईला दुसरीकडे ने म्हणतेस. नेणार नाही. तिला घेऊन दुसऱ्या दाराला गेलो तर कार्ड खोटं होतं असं आपणच कबूल केल्यासारखं होईल. तिचं कार्ड खरं आहे आणि तिचा डोळा त्याच कार्डावर होईल. तीही म्हणते, "गुरुजी म्हनतील तसं."

आणि एक. मी तुला विचारलं होतं, दिवाळीनंतर काय बदललं? तू त्याचं उत्तर दिलं नाहीस. बाकी सगळं सविस्तर लिहिलंस, तेवढाच प्रश्न गाळलास. पेपरात नेमका एक प्रश्न सोडून देणारी पोरं मी पुष्कळ पाहिली. त्यांना त्या प्रश्नाचं उत्तर येत असायचं, फक्त सांगायचं नसायचं.

आनंदराज

*

नांदेड
२५ जानेवारी २०२५

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

तुम्ही बरोबर ओळखलंत. दिवाळीनंतर बदल झाला आणि तो मी केला.

आमच्याकडे सगळ्या तालुक्यांतल्या रुग्णांच्या मिळून नव्वद लाख नोंदी आहेत. प्रत्येक तपासणी, प्रत्येक औषध, डोळ्याचा प्रत्येक फोटो म्हणजे एक नोंद. एवढ्या मोठ्या टेबलात एक नाव शोधायचं तर वेळ लागायचा, म्हणून न्यासाची तक्रार होती. अशा वेळी टेबलाचे भाग पाडतात, त्याला पार्टिशन म्हणतात. भाग नीट पाडले तर मशीन कामाचा तेवढाच एक भाग उघडतं आणि बाकीच्यांकडे ढुंकूनही बघत नाही. काउंटरवर जन्मतारीख विचारतातच, म्हणून मी जन्ममहिन्यावरून बारा भाग पाडले. मला वाटलं, माणसं बाराही महिने जन्मतात.

आधी नांदेड शहरातल्या नोंदींवर करून पाहिलं. दवाखान्यात जन्मलेली माणसं, सगळ्या महिन्यांत सारखी पसरलेली. शोध एका सेकंदात. रुद्रेश सरांनी पाठ थोपटली, माझा पगार वाढला. खेड्यांतल्या नोंदी घेऊन मी करून पाहिलं नाही. माझ्या घरात आईची तारीख एक जून आणि मला ते सुचलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं आहे.

तुमचं दुसरं पत्र आल्यावर मी पहिल्यांदा बारा भाग मोजले. जूनच्या भागात बावन्न लाख नोंदी आहेत. एक जूनवाली माणसं वयानं मोठी, त्यांच्या तपासण्याही जास्त. जानेवारीत चौदा लाख. बाकीचे दहा महिने मिळून चोवीस. माझ्या नोव्हेंबरात सव्वादोन लाख. आणि नाव तर हुबेहूब जुळवून चालत नाही. कुणी कोंडाबाई लिहितं, कुणी कोंडाबाय, म्हणून मशीनला त्या भागातली प्रत्येक नोंद वाचत जावं लागतं. नोव्हेंबरवाल्याचं कार्ड सेकंदात उघडतं, जानेवारीवाल्याचं सहा सेकंदांत, जूनवाल्याला बावीस लागतात. आणि पंधरा सेकंदांवर मशीन शोध थांबवतं. ती मर्यादा भाग पाडले त्याच वेळी रुद्रेश सरांनी घातली, रांग तुंबू नये म्हणून. थांबल्यावर पडद्यावर 'शोध अपुरा राहिला' असं यायला हवं होतं. येतं 'नोंद आढळली नाही'. प्रीतमनं खोडी केली नाही, मामा. पडद्यावर जे दिसलं ते तो वाचत होता. माझं मशीन खोटं बोलत होतं.

फक्त जळकोट नाही. देगलूर, निलंगा, सगळीकडचे एक जूनवाले असेच परत गेले आहेत. ज्यांना तुम्ही कधी पाहिलंही नाही अशांची कार्डंही उघडत नाहीत, म्हणजे तुमच्यावरचा अर्धा आरोप आपोआप गळून पडतो.

अर्धाच म्हणते, कारण एकाहत्तर टक्के अजून सुटत नाहीत. मी तुमच्या केंद्राचे फॉर्म एकेक करून पाहिले. दोन हजार दोनशेंपैकी आठशे बारा फॉर्मना शाळेचा दाखला नाही, तारखेचा कसलाच कागद नाही. ही माणसं शाळेत गेलेलीच नाहीत. तरी त्यांच्यापुढे एक जून आहे, आणि अक्षर तुमचं. या आठशे बारांना एक जूनमध्ये धरलं नाही तर जळकोटचं प्रमाण इतर तालुक्यांसारखंच होतं. कोंडाबाई त्यांतल्याच आहेत. माझं मी लिहिलं. आता तुम्ही लिहा.

सुनावणीआधी मला मशीनला हात लावता येत नाही, परवानगी नाही. म्हणून पुन्हा पाया पडते, कोंडाबाईंना थांबवू नका.

विशाखा

*

जळकोट
३० जानेवारी २०२५

चि. विशाखास,
आशीर्वाद.

तुझं पार्टिशन मला कळलं. आम्ही त्याला तुकडी म्हणतो. एका साली आमच्या हेडमास्तरांनी आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून तुकड्या पाडल्या होत्या. गावात सोनकांबळे, सूर्यवंशी आणि सोनटक्के यांचीच घरं जास्त. 'स' अक्षराच्या तुकडीत एकशेदहा पोरं कोंबली गेली आणि शेजारच्या वर्गात अकरा. त्या एकशेदहांना मीच शिकवत होतो. हजेरी घेता घेता तास संपायचा. शेवटच्या पोरांनी हात वर केलेला मला दिसायचासुद्धा नाही. वर्षाअखेर म्हणालो, त्या बाकावरची पोरं ढ आहेत. तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं; आज तुझं पत्र वाचून ते आठवलं आणि जेवण गेलं नाही.

आता आठशे बारा. ही माणसं शाळेत गेली नाहीत. त्यांच्या जुन्या आधार कार्डावर नुसतं साल छापलेलं आहे. तुमच्या फॉर्ममध्ये तारीख आणि महिना सोडता येत नाही, सोडला तर पुढचं पान उघडत नाही. दुसऱ्या केंद्रांवर अशा वेळी एक जानेवारी टाकतात असं मला नंतर कळलं. मी एक जून टाकला. कुणी सांगितलं नाही, विचारही केला नाही, हात आपोआप तिकडे गेला. मागच्या पत्रात हे मी लपवलं. रागाच्या भरात छत्तीस वर्षांचा इतिहास सांगितला आणि गेल्या चार महिन्यांचा गिळला. तू मला एक प्रश्न गाळल्याबद्दल बोल लावला नाहीस, मी लावला. त्याची लाज वाटते.

तुझे आकडे मी कागदावर मांडले. जानेवारीवाल्याचं कार्ड सहा सेकंदांत उघडतं म्हणतेस. म्हणजे मी कोंडाबाईपुढं एक जानेवारी लिहिलं असतं तर दुसऱ्या खेपेची वेळच आली नसती. हे तू पत्रात लिहिलं नाहीस. मला कळू नये म्हणून सोडलंस, की माझं मला कळावं म्हणून? काहीही असो, कळलं.

अहवालात आठशे बारा माझ्या नावावर लिही. एकही कमी करू नकोस. मामा आहे म्हणून वाचवायला गेलीस तर दोघंही बुडू.

पण एक शंका आहे, ती मनात ठेवत नाही. 'बारा भाग मी पाडले', हे तू मला कागदावर सांगितलंस. साहेबाला सांगितलंस का? सुनावणीत उभी राहून सांगशील का? की तिथं 'तांत्रिक अडचण' एवढंच म्हणशील आणि माझे आठशे बारा मात्र आकड्यानिशी वाचशील? राग मानू नकोस. पारावर बसणंच बंद झाल्यापासून मला सगळ्यांच्याच बोलण्यात काहीतरी ऐकू येतं.

कोंडाबाईचा डोळा लाल झालाय. डोकं दुखतं म्हणते. सुनावणीला आता दहाच दिवस आहेत. दहा तारखेला तिलाही बरोबर घेऊन येतो, सगळ्यांसमोर उभी करतो. मग बघू कोण म्हणतं ती नाही म्हणून.

आनंदराज मामा

*

नांदेड
१२ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

परवा सुनावणीला तुमची खुर्ची रिकामी होती. साडेअकरापर्यंत मी दाराकडे बघत होते. तुमचा फोन बंद. कुणीतरी म्हणालं, "आले असते तर खरे." आणि मामा, मीही क्षणभर तसंच म्हणाले, मनातल्या मनात. वाटलं, तुम्ही घाबरलात. हे तुम्हाला सांगायलाच हवं, कारण तुम्ही तुमची शंका मनात ठेवली नाहीत.

तिथं काय झालं ते सांगते. रुद्रेश सरांनी आधीच बजावलं होतं, "आपण फक्त डेटाबद्दल बोलायचं, डिझाइनबद्दल नाही." मी डिझाइनबद्दल बोलले. बारा भागांचे आकडे फळ्यावर लिहिले, कुणी पाडले ते सांगितलं, खेड्यांतल्या नोंदींवर तपासलं नव्हतं तेही सांगितलं. मग शोधाची मर्यादा पंधराऐवजी तीस सेकंद केली आणि प्रीतमलाच बोलावून कुठलंही थांबलेलं कार्ड शोधायला सांगितलं. त्यानं महादेवप्पांचं शोधलं. बाविसाव्या सेकंदाला उघडलं. प्रीतम पडद्याकडे बघत म्हणाला, "म्हंजे म्या लोकास्नी नाहक परत धाडलं की."

मग आठशे बारा वाचले. एकही कमी केला नाही. ते कुणाच्या अक्षरात आहेत तेही वाचलं. शेवटी सांगून टाकलं की आनंदराज गुरुजी माझे मामा आहेत. ते सांगायला नको होतं असं नाही, पण सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. न्यासाचे व्यवस्थापक लगेच म्हणाले, "म्हणजे मामा-भाचीनं मिळून हे रचलं नाही कशावरून?" अर्धा तास पुन्हा सगळं त्यावरच. माझा प्रत्येक आकडा त्यांनी दुसऱ्या माणसाकडून काढून घेतला. तेच आले.

निकाल असा. 'बोगस' हा शब्द काढला. थांबलेली सगळी कार्डं त्याच दिवशी सुरू झाली. आठशे बारा माणसांची समक्ष ओळख पटवायची, आणि तुमच्या नावापुढे 'निष्काळजीपणा' असा शेरा. माझं काम सध्या दुसऱ्याकडे दिलं आहे. मी नातं लपवलं म्हणून माझीही चौकशी आहे. ती व्हायला हवी. जाण्याआधी एक करू दिलं. टेबलाचे भाग आता तालुक्यावरून पाडले. तालुका विसरलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. या वेळी आधी प्रत्येक भाग मोजला, एकही फुगलेला नाही. तुमचं जळकोट अर्ध्या सेकंदात उघडतं. तारखेपुढे 'अंदाजे' असं लिहायची सोयही केली आहे.

कोंडाबाईंचं कार्ड मी स्वतः उघडून पाहिलं. उघडलं. त्यांना लगेच पाठवा. आणि तुम्ही का आला नाहीत, ते लिहा. काहीही असलं तरी लिहा.

विशाखा

*

जळकोट
२४ फेब्रुवारी २०२५

चि. विशाखास,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. हात कागदाला लागत नव्हता.

दहा तारखेला सकाळी मी इस्त्रीचा सदरा घालून कोंडाबाईच्या दारात गेलो. ती जमिनीवर पडली होती. डोकं दोन्ही हातांनी धरलेलं, ओकाऱ्या चाललेल्या. म्हणाली, "गुरुजी, डोळा फुटाय लागलाय." रात्रभर तशीच होती. मला बोलावलं नाही, कारण सकाळी मी नेणारच होतो. जीप करून लातूरला पोचलो. न्यासाचा दवाखाना आणि तुमच्या सुनावणीची खोली एकाच आवारात आहे, पण मी त्या बाजूला वळलो नाही. पहिल्या दिसलेल्या खाजगी दवाखान्यात तिला घातलं. मोबाइल कुलूपबंद केंद्रातच पडून होता. तू फळ्यावर आकडे लिहीत होतीस तेव्हा मी दोन रस्ते पलीकडे बाकावर बसलो होतो.

तिथल्या डॉक्टरांनी दाब उतरवला, वेदना थांबवल्या. मग मला आत बोलावून विचारलं, "इतके दिवस कुठं होता?" तू बारा जानेवारीला लिहिलं होतंस, दुसरीकडे न्या. पंचवीसला लिहिलंस, पाया पडते. दोन्ही पत्रं माझ्या खिशात होती. मला कार्ड खरं करून दाखवायचं होतं, हे डॉक्टरांना काय सांगू?

उजवा डोळा गेला. आता त्यात उजेडसुद्धा कळत नाही.

तुझं पत्र आल्यावर डाव्या डोळ्यासाठी तिला न्यासाच्या दवाखान्यात नेलं. प्रीतमनं कार्ड उघडलं, उठून उभा राहिला आणि तिला हाताला धरून आत घेऊन गेला. मला म्हणाला, "गुरुजी, तुम्ही बसा." ऑपरेशन चांगलं झालं.

शेरा मी मान्य केला. सहीपण केली. केंद्राची किल्ली परत देणार होतो, पण आधी आठशे बारा घरं फिरतोय. रोज तीस-पस्तीस होतात. प्रत्येकाला न्यासाच्या माणसासमोर उभं करतो आणि तारखेपुढे 'अंदाजे' लिहून घेतो. पारावरचे ते दोघं परवा आपणहून येऊन बसले. मी त्यांच्याशी बोललो, पण पहिल्यासारखं जमलं नाही. तुझ्यावरही राग आहे, विशाखा. तू "खरं सांगा" म्हणालीस तो राग अजून गेलेला नाही. माझ्यावरचा तर त्याहून मोठा आहे. पण तू त्या खोलीत उभी राहून जे बोललीस ते मला प्रीतमनं शब्दन् शब्द सांगितलं, आणि ऐकताना मला रडू आलं. हेही खरंच सांगतो आहे.

काल कोंडाबाईची पट्टी काढली. तिनं डाव्या डोळ्यानं भिंत बघितली, स्वतःचे हात बघितले, मग माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. म्हणाली, "गुरुजी, तुमीच का? लई म्हातारे झालात की." सगळे हसले. मीही हसलो.

मग तिनं विचारलं, "माझं कार्ड कुनी बंद केलं व्हतं?"

खोलीत प्रीतम होता, डॉक्टरीणबाई होत्या. मी म्हणालो, "मी आणि माझ्या भाचीनं. मुद्दाम नाही, पण आम्हीच." तारखेचं सांगितलं, तुकड्यांचं सांगितलं, दुसऱ्या दवाखान्याचंही सांगितलं. तिला किती कळलं कोण जाणे. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. गेलेल्या डोळ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "भाची म्हंजे इशाखाच न्हवं? बोरं खायाची ती?"

हाव, म्हणालो.

रविवारी ये. कोंडाबाईला तुला बघायचं आहे.

तुझा
आनंदराज मामा